रेघेच्या जागी नावं

इतोकू, अबेओकुटा
९ नोव्हेंबर १९४१

अयिन्ला,

मी तुझी आजी. नाव अशाबी. रंगाऱ्यांच्या आळीत राहते, दारासमोर निळीचे रांजण आहेत, पुढचा एक दात नाही. एवढ्यावरून काही आठवतंय का बघ. नाहीच आठवलं तर शेजारच्या टेबलावरच्या कारकुनाला विचार. त्याला तरी आठवत असेल, माझी गारी तो तुझ्या डब्यातून खातो.

गेल्या पावसाळ्यात "परत पाठवतो" म्हणून नेलेली माझी टोपली अजून आलेली नाही. तिच्या शोधात दुसरी पाठवली, तीही तिकडेच रमली. आज सुले ड्रायव्हरच्या लॉरीतून तिसरी येते आहे. लागोसमध्ये टोपल्यांनाही नोकऱ्या मिळतात का? तसं असेल तर कळव, मी चौथीला शाळेत घालते.

टोपलीत गारी आहे, आपल्या कसाव्याच्या कंदाचा भाजलेला रवा, वाळवलेल्या कोनफळाचं पीठ आहे, लाल ताडतेलाची बाटली आहे. तेलाचं बूच मेणाने बंद केलंय, दातांनी उघडू नकोस. तळाशी केळीच्या पानात पांढऱ्या मातीची ढेकळं आहेत. तुझ्या तिनुओलाने सुलेजवळ निरोप धाडून मागितली होती. कशाला हवी ते मी विचारलं नाही.

सुले सांगतो, लागोसचे कारकून शनिवारी मैदानात जमून पगारासाठी ओरडतात. त्यात तू आहेस का? असलास तर घशाला जप, आणि मागे उभा राहू नकोस. मागे उभ्या राहणाऱ्याला ओरडण्याचं पुण्य मिळत नाही आणि मार मात्र पुढच्याइतकाच मिळतो.

हे पत्र लावानी शिंपी लिहितोय. मिशनच्या शाळेचे गणवेश शिवायला वर्षभर तिथल्या व्हरांड्यात बसायचा, तेवढ्यात खिडकीतून अक्षरं शिकला. माझ्या तोंडी मोठे शब्द घालायचे नाहीत अशी ताकीद त्याला दिली आहे. खाली माझा अंगठा आहे. शाई लागली नाही, तो निळाच असतो.

अशाबी

*

एबुटे मेट्टा, लागोस
१९ नोव्हेंबर १९४१

आजी, साष्टांग दंडवत.

टोपली मिळाली. तिन्ही टोपल्या सुखरूप आहेत, सुलेच्या पुढच्या खेपेला पाठवतो.

मैदानातल्या सभेला मी असतो. प्रकरण असं आहे. माझा पगार महिन्याला पाच पौंड, युद्धाआधी होता तोच. गारीचा भाव तेव्हाच्या तिप्पट. सरकारने गारीचा भाव बांधून दिला, आणि त्या दिवसापासून त्या भावाची गारी बाजारातून नाहीशी झाली. कापड नाही, रॉकेल नाही, मीठ तर सोन्यासारखं तोलून देतात. म्हणून आमच्या कारकून संघाने महागाई भत्ता मागितला आहे.

त्यातच गोऱ्या अधिकाऱ्यांना एक नवा भत्ता सुरू झाला. युद्धामुळे त्यांच्या बायका-मुलांना जहाजाने इकडे येता येत नाही. एक चूल इथे, एक तिकडे, दुप्पट खर्च, म्हणून तो भत्ता. बायकोचा वेगळा, दर मुलामागे वेगळा. आमच्या अर्जावर मात्र उत्तर आलं की आधी चौकशी करू. समिती नेमली. प्रत्येक देशी कारकुनाने घरखर्चाचा तक्ता भरून द्यायचा. ते तक्ते गोळा करून बेरजा मारायचं काम आमच्या पार्जेटर साहेबांनी माझ्यावर सोपवलंय. माझा आकडा खात्यात सगळ्यांत सुबक आहे असं ते म्हणाले. नाताळच्या आत निकाल लागेल.

तिनुओला बरी आहे. मातीबद्दल तिने आभार मानलेत. तिच्या पांढऱ्या कापडी बुटांना लावायला हवी होती.

मीही बरा आहे. हल्ली कचेरीत चालतच जातो. पुलावरची हवा चांगली असते, व्यायाम होतो.

तुझा आज्ञाधारक नातू,
जोसाया अयिन्ला शोडेइंडे

*

इतोकू
३ डिसेंबर १९४१

अयिन्ला,

टोपल्या आल्या नाहीत. सुलेची खेप मात्र येऊन गेली.

तुझं पत्र मी लावानीकडून तीनदा वाचून घेतलं. पहिल्यांदा कळलं नाही, दुसऱ्यांदा पटलं नाही, तिसऱ्यांदा आम्ही दोघं हसलो. साहेबाची बायको समुद्रापलीकडे आहे, इथली एक गारीची मूठ खात नाही, तर तिचा भत्ता मिळतो. तुझी बायको घरात बसून दोन वेळा जेवते, तर तिचा मिळत नाही. मग असं कर, तिनुओलाला माझ्याकडे पाठवून दे. बायको दूर असल्याचा अर्ज तूही टाक. दर्यापलीकडे नसली तरी नदीपलीकडे आहे म्हणावं.

पण मला एक सांग. तक्ता भरायचा म्हणजे काय काय भरायचं? आणि तू काय भरलंस? सुबक आकडा काढणारी माणसं आकड्यापुढे दुसरं काही बघत नाहीत. तुझा बाप तसाच होता.

सुलेने तुझी सायकल पाहिली. एका पाववाल्याच्या बुडाखाली होती. सायकलीलाही व्यायामाची आवड लागलेली दिसते. तू स्वतःहून सांगशील म्हणून मी थांबते आहे, पण फार दिवस थांबायची मला सवय नाही.

आणि ती माती मी निखाऱ्यावर भाजून, वर धुरी देऊन पाठवली होती. तिनुओलाचे बूट आता खमंग लागत असतील. आणखी पाठवू का?

अशाबी

*

एबुटे मेट्टा
२२ डिसेंबर १९४१

आजी, साष्टांग दंडवत.

निकाल लागला नाही. लागायच्या आधीच बिघडला, आणि तो माझ्या हातून बिघडला. सरळ लिहितो.

तक्त्यात भाडं, गारी, कोळसा, औषध असे रकाने होते. सगळ्यात शेवटचा रकाना होता, "आपण पोसत असलेली माणसं: संख्या." दोनशे चौदा तक्ते आले. सगळे रकाने पेनीपर्यंत भरलेले. त्या एका रकान्यात मात्र बहुतेकांनी आडवी रेघ मारली होती. कारण तुला सांगायला नको. आपल्या हाताने आपल्या पोरांचा आकडा कोण लिहील? मीही रेघच मारली होती.

मी तक्ते घेऊन साहेबांकडे गेलो. ते म्हणाले, "ही रेघ म्हणजे काय, शोडेइंडे?"

मी म्हणालो, "सर, आमच्यात आईबाप आपली मुलं मोजत नाहीत. मोजली की कमी होतात अशी समजूत आहे."

"मग एखादं हरवलं तर कळतं कसं?"

"जेवायला हाक मारली की कळतं, सर."

ते हसले. वाईट माणूस नाही. पण म्हणाले, "समितीला समजुतींची बेरीज करता येत नाही. रेघ म्हणजे शून्य धर."

मी धरलं. पेन माझं होतं, शाई माझी होती. एकेक शून्य गोल आणि स्वच्छ काढलं. मी फक्त बेरीज करणारा, असं मनाशी म्हणत होतो. शेवटी भागाकार आला तेव्हा कळलं. एका कारकुनामागे अर्धा माणूसही निघेना. समितीने मसुद्यात लिहिलं की देशी कारकुनावर कुटुंबाचा फारसा भार दिसत नाही, सबब भत्त्याचं कारण दिसत नाही.

बातमी खात्यात फुटली. शेजारच्या टेबलावरचा एफिऑंग, कलाबारचा, तुझी गारी खाणारा तोच, सगळ्यांसमोर म्हणाला, "माझी बायको शून्य, माझी आई शून्य. आज घरी जाऊन सांगतो, शोडेइंडेने सगळ्या शून्यांना जेवायला बोलावलंय." कुणी हसलं नाही. त्या दिवसापासून माझ्याशी कामापुरतं बोलतात. संघाच्या सभेत माझ्या बाजूची जागा रिकामी राहते.

मी साहेबांना हात जोडले. त्यांनी समितीकडून मुदत आणली. ३१ जानेवारीपर्यंत दुरुस्त तक्ते आले तर धरतील, नाहीतर मसुदा तसाच वर जाईल. पण दुरुस्त करायचं म्हणजे आकडा लिहायचा. मी एकेकाला विचारून पाहिलं. "आधी तू लिही," म्हणतात. माझ्याने लिहवत नाही. कारण विचारू नकोस.

भत्ता मिळाला नाही तर ईस्टरनंतर ही खोली सोडावी लागेल. सायकल ऑक्टोबरात विकली. माती बुटांना लावली नाही.

जोसाया

*

इतोकू
४ जानेवारी १९४२

अयिन्ला,

हे पत्र लांब आहे. लावानीने दोनदा टाक बदलला आणि एकदा कोलाची कडू बी चघळायला उठला, तेव्हा मध्येच अक्षर हसरं दिसलं तर त्याचं कारण ते.

आधी रागावून घेते. ज्या माणसाला तुम्ही रोज हाक मारता त्याच्या जागी शून्य काढायला साहेबाने सांगितलं आणि तुम्ही काढलंत. साहेबाला काय माहीत! तुला माहीत होतं. माहीत असून गोल काढलंस आणि वर स्वच्छ काढलंस. झालं माझं रागावून.

आता मी तुला एक सांगते, जे तुझ्या बापालाही नीट सांगितलं नव्हतं. मी रंगाच्या कामाला लागून थोडीच वर्षं झाली होती. दवाखान्याची एक गोरी बाई आळीत आली, देवीची लस टोचायला. वहीत लिहायला तिने विचारलं, मुलं किती? मी तेव्हा तरणी होते, शहाणी होते, माझा हिशेब आळीत सगळ्यांत पक्का होता. मी बोटं वर केली आणि आकडा सांगितला. दुसऱ्या वर्षी खोकल्याची साथ आली आणि ती गेल्यावर तुझा बाप तेवढा उरला. बोटांमुळे झालं असं मी म्हणत नाही. साथ शेजारच्या घरीही आली होती आणि त्यांनी बोटं वर केली नव्हती. पण तेव्हापासून मी रांजण मोजते, कापडाचे वार मोजते, तुझ्याकडे अडकलेल्या टोपल्या मोजते. माणसं मोजत नाही. तेव्हा तुझ्याने का लिहवत नाही ते मी विचारणार नाही. मला माहीत आहे. बुटांनी सांगितलं.

आता ऐक. उत्तर तूच साहेबाला दिलं होतंस आणि त्याच्यासारखाच स्वतःही ते विसरलास. जेवायला हाक मारतो म्हणालास ना? मग हाक मार. मोजायला बंदी आहे, नाव घ्यायला कुणी बंदी केली? नावं ठेवलीत ती हाक मारायलाच. रेघेच्या जागी नावं लिहा. मोजायचं असेल ते साहेब मोजेल. बोट त्याचं, वही त्याची.

तुझी यादी मी सांगते, लावानी वेगळ्या कागदावर लिहितोय, तो कागद तक्त्याला जोड.

तिनुओला, तुझी बायको. तुझ्याबरोबर राहते. जे खाते ते तुला माहीत, जे खात नाही ते मला माहीत.

बिसोला, तुझी मुलगी. दुधाचे दात पडले, चावायला आता कोनफळ उकडून लागतं.

अशाबी, तुझी आजी. कमावते, पण कापड मिळत नाही म्हणून निम्मे रांजण पालथे आहेत. दर महिन्याला तू दहा शिलिंग पाठवतोस. गेले तीन महिने साडेसातच येतायत, त्याबद्दल मी काही म्हटलं नव्हतं, आज म्हणते.

फागबेमी काका, तुझ्या बापाचा सावत्र भाऊ. डोळ्यांनी दिसत नाही. खातो दोघांचं आणि चव विचारली तर म्हणतो अळणी आहे. मिठाचा हा दुष्काळ त्याला पटत नाही, मीच लपवते असं आळीभर सांगतो.

रेमी, तुझी बहीण. शाळेची फी तू भरतोस. हुशार आहे, हे पत्र ती लिहिणार होती, पण काही गोष्टी पोरीसमोर बोलता येत नाहीत आणि शिंप्यासमोर येतात.

डॉर्कस, तुझ्या चुलतभावाची बायको. तो पलटणीत गेला. त्याचे पैसे दर महिन्याला येतील असं पलटणीवाले म्हणाले होते, अजून म्हणतायत. ताइवो, तिचा. केहिंदे, तोही तिचा. जुळे आहेत पण भूक वेगवेगळ्या वेळी लागते.

हे लिहून झाल्यावर लावानीला मी एक ओळ रिकामी सोडायला लावली आहे. कागद संपला नव्हता आणि चूकही नाही. ती ओळ कुणाला भरू देऊ नकोस, खोडू देऊ नकोस. बाकीच्या कारकुनांना सांग, आपापल्या आजीला विचारा. ज्याची आजी नसेल त्याने माझ्याकडे यावं, येताना तुझ्याकडच्या टोपल्या आणाव्या.

अशाबी

*

एबुटे मेट्टा
१ फेब्रुवारी १९४२

आजी, साष्टांग दंडवत.

तिनुओलाला दिवस गेले आहेत. एप्रिलच्या मध्यावर भरतील. तुला माती मागितली तेव्हापासूनच कळलं होतं हे आता कळलं. बिसोलानंतरची दोन्ही नाव ठेवायच्या आठव्या दिवसाआधीच गेली, म्हणून या वेळी आम्ही कुणाला सांगितलं नाही. तिच्या आईलाही नाही. तो रकाना समोर आला तेव्हा हे पोटातलं धरायचं की नाही, आणि गेलेली धरायची की नाही, इथे माझा हात अडला. त्यांना हाक मारायला नावही नव्हतं.

तुझी यादी मी कचेरीत नेली. पहिल्यांदा एफिऑंगला दाखवली. त्यांच्या कलाबारकडे मोजायला हरकत नाही, पण बायकोची आई धरायची की नाही याचा त्याला घोर होता. त्याने ती यादी दोनदा वाचली. फागबेमी काकांपाशी आला आणि मोठ्याने हसला. महिन्याभरात पहिल्यांदा माझ्याशी हसला. म्हणाला, "अळणी म्हणणारा म्हातारा आमच्याकडेही आहे. थांब, लिहितो." संध्याकाळपर्यंत सगळं खातं लिहीत होतं. कुणाचा एक कागद, कुणाचे तीन. भांडणंही झाली. दोघा सख्ख्या भावांनी एकच आत्या आपापल्या यादीत घातली. आत्येला विचारायला माणूस पाठवला, ती म्हणाली, "मी सोमवार ते बुधवार याची आणि पुढे त्याची." तसंच लिहिलं.

३० तारखेला गठ्ठा साहेबांच्या टेबलावर ठेवला. ते बराच वेळ चाळत होते.

"हे काय? चर्चची हजेरी?"

"पोसत असलेली माणसं, सर. रेघेच्या जागी."

"आणि संख्या?"

"ती आपण मोजावी, सर. आम्ही मोजली तर नियम मोडतो. आपण मोजली तर काम होतं."

मला वाटलं गठ्ठा परत फेकतील. त्यांनी कोट काढला, पेन्सिलीला टोक केलं आणि मोजायला बसले. दोन दिवस लागले. मध्ये मध्ये विचारत, "हा सोमवार ते बुधवार कोण आहे?" मी सांगे.

माझी यादी त्यांच्या हाती आली तेव्हा मी उठून खिडकीशी गेलो. आकडा कानावर पडू नये म्हणून. मागून हाक आली.

"शोडेइंडे, इथे शेवटी एक ओळ रिकामी आहे. शून्य का?"

मी म्हणालो, "नाही, सर. ते माणूस अजून आलेलं नाही."

मग त्यांनी विचारलं, "कधी?"

"एप्रिल."

त्यांच्या टेबलावर एका पोराचा फोटो असतो. इंग्लंडात आहे, आईजवळ. हे इकडे आले त्यानंतर जन्मलेलं, साहेबांनी पाहिलेलंच नाही. त्याचा भत्ता त्यांना महिन्याला मिळतो. फोटोकडे त्यांनी खरंच पाहिलं की मला तसं वाटलं, सांगता येत नाही. त्या ओळीसमोर त्यांनी एक लिहिला नाही. शून्यही लिहिलं नाही. पान उलटलं.

भागाकारही त्यांनीच केला. एका कारकुनामागे सहाच्या वर माणसं निघाली. म्हणाले, "मी पूर्वी पाठवलेली बेरीज मागे घेतो. समितीला आवडणार नाही." मग गठ्ठ्याला दोरी बांधायला माझ्याकडे दिला, आणि बेरीज मात्र स्वतःच्या सहीने पाठवली.

आता वाट बघायची. साडेसातबद्दल क्षमा असावी.

जोसाया

*

इतोकू
२६ फेब्रुवारी १९४२

अयिन्ला,

दोन टोपल्या आल्या. तिसरी कुठल्या खात्यात आहे?

तुझ्या साहेबाला माझ्याकडून सांग, दोन दिवस लोकांची पोरं मोजल्यावर समुद्राच्या पाण्याने हात धुवायचे असतात. असा काही नियम नाही, मी आत्ता केला. बिचाऱ्याला कुणीतरी काहीतरी सांगायला हवं.

तिनुओलाला आता इकडे पाठव. विनोद नाही. लागोसमध्ये तिला पाणी भरावं लागतं, आणि तू पुलावरची हवा खाऊन घरी आलास की अर्धी गारी तिच्यासाठी ठेवतोस आणि ती तुझ्यासाठी ठेवते, शेवटी ती आंबते. सुलेला सांगितलंय, तिला पुढे बसवायचं, खड्डा दिसला की लॉरी थांबवायची आणि खड्ड्याची माफी मागून मग जायचं. बिसोलालाही पाठव, फागबेमी काकाला दिवसभर वाद घालायला कुणीतरी हवं आहे.

मागच्या दोन वेळचं मी तिच्यासमोर काढणार नाही. तूही काढू नकोस. सुईण मी बघून ठेवली आहे, तुझ्या जन्माला होती तिची मुलगी. हात आईसारखे मोठे आहेत, तोंड मात्र लहान, तेवढं चांगलं.

अशाबी

*

एबुटे मेट्टा
२ एप्रिल १९४२

आजी, साष्टांग दंडवत.

भत्ता मंजूर झाला. मागितला त्याच्या निम्मा. महिन्याला एक पौंड दोन शिलिंग, गेल्या ऑक्टोबरपासून धरून. थकबाकी पंधरवड्यात हाती येईल. गोऱ्या अधिकाऱ्यांच्या भत्त्याला हात लागला नाही. त्यांच्यातल्या सर्वांत धाकट्यालाही एका मुलामागे मिळतं त्यात आमचा एक अख्खा कारकून बसतो. काल सभेत बराच आरडाओरडा झाला. घ्यायचा की फेकायचा? एफिऑंग म्हणाला, घ्या, खा, आणि खाऊन अंगात जोर आला की उरलेल्या अर्ध्यासाठी ओरडा. ते ठरलं. नव्या अर्जाचा मसुदा माझ्याकडे दिलाय. बेरीज दुसऱ्या कुणाकडे तरी द्या, असं मीच सांगितलं.

माझ्या बाजूची जागा आता रिकामी राहत नाही.

मी रजा मागितली होती. युद्ध आहे, रजा बंद आहेत, असं उत्तर आलं. पार्जेटर साहेबांनी स्वतः येऊन सांगितलं, चिठ्ठी पाठवली नाही. मला आठवड्याचा शेवटचा दिवस तेवढा मिळेल, तोही आधी कळवला तर. तेव्हा आजी, तिकडे काही झालं तर लगेच सुलेजवळ निरोप दे. चांगलं असो वा नसो. माझ्यापासून लपवू नकोस.

तिसरी टोपली एफिऑंगच्या घरी आहे. तिच्यात त्याची कोंबडी अंड्यांवर बसलीय. उठली की पाठवतो.

जोसाया

*

इतोकू
१८ एप्रिल १९४२

अयिन्ला,

तुझ्यापासून मी काय लपवणार? लपवायचं खातं आपल्या घरात तुझ्याकडे आहे.

मुलगी झाली. परवा पहाटे. तिनुओला बरी आहे, थकलेली आहे, पहिली गोष्ट तिने मागितली ती भाजलेली माती. मी म्हटलं आता बुटांना काय गरज. हसली. हसताना दुखलं म्हणून मला बोलली. तेव्हा मला हायसं वाटलं.

पोरगी रडते. चांगलं मोठं रडते. फागबेमी काका म्हणतो, हिला मैदानातल्या सभेत पाठवा, पुढे उभी करा. मागची दोघं फार शांत होती, हे त्याच्या तोंडून निघालं. डॉर्कसने उठून चुलीत लाकूड सारलं. त्यानंतर पोरगीच पुन्हा रडली, आणि आम्ही बोलायला लागलो.

आज तिसरा दिवस. आठवा गुरुवारी येतो. आठवा दिवस उजाडेल असं मी लिहून देत नाही, न उजाडण्याचं कारण मला दिसत नाही एवढं सांगते. दूध ओढते, अंग गरम आहे, नाळेची जागा कोरडी आहे. मी रात्री तिच्याजवळ झोपते. झोपते म्हणजे पडते. नाव मी योजलं आहे, कागदावर येणार नाही. आधी तिच्या कानात जाईल, मग तुझ्या. गुरुवारी सुट्टी नाही हे मला कळतं. तुझ्या त्या साहेबाला सांग, रिकाम्या ओळीला नाव द्यायचंय. त्याला अर्ज लागणार नाही असं वाटतं. त्याने हात धुतले का ते विचार.

आता मुद्द्याचं. नाव ठेवताना जिभेवर ठेवायला मध आहे, कोला आहे, तेल आहे, पाणी विहिरीचं आहे. मीठ नाही. आळीत नाही, बाजारात नाही, पाद्रीबाईंकडेही नाही. मीठवाल्या बाईने दाराआड बोलावून दाखवलं ते निम्मं वाळू होतं, आणि मी पोरीच्या जिभेवर पहिल्याच आठवड्यात वाळू ठेवणार नाही. पुढे सरकार ठेवेलच. थकबाकीतून आधी मीठ घे. भाडं नंतर. स्वतः आणता आलं तर आण, नाहीतर बुधवारच्या आत सुलेच्या हाती दे, आणि त्या तिसऱ्या टोपलीतच दे. कोंबडीला उठव, तिचं झालं असेल आता.

चिमूटभर पोरीच्या जिभेवर, मग तिनुओलाच्या, बिसोलाच्या, रेमीच्या, डॉर्कसच्या, ताइवोच्या, केहिंदेच्या, माझ्या, आणि फागबेमी काकाच्या जिभेवर दोन, नाहीतर अळणी म्हणेल. लावानीच्याही, त्याने एवढं लिहिलंय. एकूण किती चिमटी होतात ते तू मोजू नकोस. डबा भरून पाठव.

अशाबी